तुम्ही विचारलेत म्हणून : भीती वाटत नाही का?

राजस्थानला मोटारसायकलवरून जाऊन आल्यापासून बेळगावच्या शहापुरातल्या आमच्या गल्लीत, लग्नाच्या पंगतीत, परवा तर दाढ दुखते म्हणून दवाखान्याच्या बाकावर बसलो होतो तिथेसुद्धा, मला एकच प्रश्न विचारला गेला : वाळूच्या टेकड्यांत एकट्याने तंबू ठोकून झोपायला भीती वाटत नाही का? मावशीचा प्रश्न त्याहून सरळ असतो, "घरात काय कमी पडलंय रे तुला?" दोघांनाही मी आजवर हसून 'नाही' एवढेच सांगत आलो. मावशीला दिलेले उत्तर खरे होते. तुम्हाला दिलेले खोटे होते.

आधी माझी बाजू मांडतो, कारण विचारणाऱ्यांपैकी निम्म्यांनी मला वेडा ठरवूनच प्रश्न केलेला असतो. जैसलमेरपासून चाळीसेक किलोमीटरवरच्या समच्या टेकड्यांवर रात्री गाणीबजावणी चालते, म्हणून मी खुडीच्या रस्त्याला लागलो आणि एका ढाणीतल्या, म्हणजे वस्तीतल्या, आजोबांना विचारूनच त्यांच्या शेतामागच्या वाळूत मुक्काम केला. चाकांतली हवा कमी केली होती. गाडीचा स्टँड वाळूत रुतू नये म्हणून त्याखाली सपाट दगड ठेवला होता. वाळूत तंबूचे खिळे धरत नाहीत, म्हणून पिशव्यांत वाळू भरून, त्यांना दोऱ्या बांधून त्या पुरल्या होत्या. फुरशांचे म्हणाल तर जानेवारीच्या थंडीत ती बहुधा बिळातच असतात. इतकी सगळी काळजी घेणाऱ्या माणसाला वेडा म्हणणे बरे नाही.

पण त्या रात्री मी जे केले ते वेडेपणाचेच होते, आणि ते मी आजवर घरीसुद्धा सांगितलेले नाही.

पौष अमावास्येच्या आसपासची रात्र होती. दोनच्या सुमारास लघवीला उठलो. मोबाइल तंबूत चार्जिंगला लावलेला होता, बॅटरी उशाशी होती, आणि पन्नास पावलांसाठी काय घ्यायची, असा विचार करून मी पायात अथणीच्या चपला सरकवून तसाच बाहेर पडलो. तंबूशेजारी एक खेजडी होती. खेजडी म्हणजे आपली दसऱ्याची शमीच, त्यामुळे ओळखीचे माणूस दारात उभे असल्यासारखा मला तिचा भरवसा वाटला. टेकडीच्या पलीकडच्या उतारावर गेलो, परत वळलो, वर चढलो, आणि समोर खेजडीही नव्हती आणि तंबूही नव्हता.

पहिली पाच मिनिटे मी स्वतःवर चिडलो. पुढची दहा मिनिटे मी चालत होतो, म्हणजे खरे तर धावत होतो. समोरचा काळा ठिपका खेजडी समजून गाठला, तर ते रुईचे झुडूप निघाले. वाळूचा उतार ढासळत होता, त्यात एक चपल गेली. मग हाका मारल्या. पहिली मराठीत, दुसरी हिंदीत आणि तिसरी, हसू नका, कानडीत. जैसलमेरच्या वाळूत कानडी कोणाला कळणार होती, पण एका भाषेत काम झाले नाही तर दुसरीत विचारायचे ही आम्हा सीमाभागातल्यांची सवय प्राणावर बेतले तरी सुटत नाही. ढाणीतला कुत्रा भुंकला. मात्र आवाज एकदा डावीकडून आला आणि एकदा मागून. खाली वाकून हाताने चाचपले तेव्हा पावलांचे ठसे लागले. मला केवढा आनंद झाला! पण त्यातले एक पाऊल चपलेचे होते आणि एक अनवाणी. म्हणजे ते ठसे आत्ताचेच होते आणि मी गोल फिरत होतो.

आमची आजी जांबोटीकडच्या रानातली. चकवा लागला तर चालायचे नाही, आहे तिथे बसायचे आणि उजाडेपर्यंत उठायचे नाही, असे ती सांगायची. मी कॉलेजात असताना या गोष्टीची यथेच्छ टिंगल केली होती. पुढे वाचनात आले की 2009 साली जर्मनीतल्या ट्यूबिंगनच्या संशोधकांनी ट्युनिशियाच्या वाळवंटात आणि जर्मनीतल्या जंगलात माणसांना सरळ चालायला लावले, तेव्हा सूर्य किंवा चंद्र दिसेनासा झाल्यावर ती खरोखरच गोल फिरू लागली. आजीला हे सांगायला ती राहिली नव्हती. त्या रात्री मी खाली बसलो तो संशोधन आठवून नव्हे, तर आजी आठवून.

बसल्यावर प्रथमच वर पाहिले. सप्तर्षी आणि ध्रुव स्पष्ट दिसत होते. आपल्याकडून दिसतो त्यापेक्षा ध्रुव तिथे सुमारे अकरा अंश वर असतो. उत्तर कळली, पण तंबू माझ्या कोणत्या दिशेला आहे हेच ठाऊक नसलेल्या माणसाने उत्तरेचे करायचे काय? अंगात एकच स्वेटर होता. वरची वाळू बर्फासारखी लागत होती, तरी हातभर उकरल्यावर खाली दिवसाची ऊब शिल्लक होती, म्हणून पाय गुडघ्यापर्यंत पुरून घेतले आणि सकाळपर्यंत, लपवत नाही, अधूनमधून रडलो. उजाडल्यावर तंबू दिसला. मोजली तेव्हा ऐंशी पावले भरली.

घरी येऊन मी तुम्हाला ताऱ्यांविषयी सांगितले. एका वाचनालयातल्या भाषणात तर 'एकांतात भीती गळून पडते' असे वाक्य टाकून टाळ्याही घेतल्या. त्या वक्त्याला आज विचारावेसे वाटते, गळून पडली ती भीती की चपल? पण तो उलट विचारतो, मग त्यानंतर आणखी दोनदा एकटाच का गेलास? त्यावर माझ्याकडे उत्तर नाही. शांततेसाठी म्हणावे तर त्या रात्री शांतताच नकोशी झाली होती. सोबत्यांनी आयत्या वेळी अंग काढून घेतले म्हणून पहिल्यांदा एकटा गेलो, हे खरे आहे. पुढच्या दोन वेळी मात्र मी कोणाला विचारलेच नाही.

येत्या पौषात पुन्हा निघायचे म्हणतो. बॅटरी गळ्यात अडकवण्यासाठी नाडी शिवून घेतली आहे आणि शंभर हात सुतळीही आणली आहे. सुतळी कशाला, असे घरात विचारले तेव्हा सामान बांधायला, असे सांगितले होते.