आधी प्रश्न, मग गट

आज आम्ही चार विषयांचे शिक्षक पुढच्या सेमिस्टरच्या ॲक्टिव्हिटीज ठरवायला बसलो होतो. पहिला अर्धा तास गटात किती मुलं, चार्टपेपर आणायचे का, वेळ किती द्यायचा यातच गेला. शेवटी मला राहवेना, म्हटलं आधी प्रश्न काढूया, असा की ज्यावर मुलांची खरोखर दोन मतं पडतील, बाकीचं नंतर बघू.

फिजिक्सच्या सरांकडे तो तयारच होता. मोठा ट्रक आणि छोटी कार समोरासमोर धडकले, जास्त बल कोणावर? न्यूटनचा तिसरा नियम, म्हणजे दोघांवर बल सारखंच, हे तोंडपाठ असलेली मुलंही कार म्हणतात, कारण चेंदामेंदा कारचा झालेला दिसतो ना. हार्वर्डचे फिजिक्सचे प्राध्यापक एरिक माझुर यांची पद्धत अशाच प्रश्नांवर उभी आहे, आधी एकट्याने उत्तर द्यायचं, मग शेजारच्याला पटवायचं, मग परत उत्तर द्यायचं. साधारण ३० ते ७० टक्के मुलं बरोबर असतील तेव्हाच चर्चेला मजा येते, त्याखाली असेल तर आधी समजावून सांगायला हवं आणि वर असेल तर सरळ पुढे जायचं.

अकाउंट्सच्या मॅडम मात्र म्हणाल्या, आमच्यात कसली चर्चा, नोंद एक तर बरोबर नाहीतर चूक. मग बोलता बोलता त्यांनाच आठवलं की मुलं दरवर्षी एका ठिकाणी हमखास अडकतात. ग्राहकाने माल मिळायच्या आधीच पूर्ण पैसे दिले, तर ते आजचं उत्पन्न का देणं? मी मुद्दाम मुलांसारखी भांडले, अहो पैसे बँकेत आलेत, मग उत्पन्न कसं नाही? त्या म्हणाल्या, आणि उद्या माल देताच आला नाही तर? पैसे कोणाचे? इतक्या पोटतिडकीने बोलल्या की आम्ही सगळे ऐकतच राहिलो. म्हटलं मॅडम, हीच तुमची ॲक्टिव्हिटी, फक्त हे वाद घालणं मुलांना करू द्या.

इतिहासाच्या सरांना जिगसॉ करायचंय, म्हणजे गटातल्या प्रत्येकाकडे धड्याचा एकेक तुकडा आणि तो त्याने बाकीच्यांना समजवायचा, मानसशास्त्रज्ञ इलियट ॲरन्सन यांनी १९७१ मध्ये अमेरिकेतल्या ऑस्टिनच्या शाळांमध्ये सुरू केलं तेच. माझा यात हात पोळलाय. मी शेवटी फक्त सारांश लिहायला सांगितला होता आणि मुलांनी शांतपणे एकमेकांच्या वह्या उतरवून घेतल्या, कोणी कोणाला एक शब्द विचारला नाही. एका घटनेची चार कागदपत्रं चार जणांना दिली तर शेवटचा प्रश्न असा हवा की चौघांचं ऐकल्याशिवाय उत्तर देताच येणार नाही, उदाहरणार्थ यातला कोण काय लपवतोय आणि का.

अजून एक भीती सगळ्यांनीच बोलून दाखवली, मुलं म्हणतात यापेक्षा तुम्हीच शिकवा ना, जास्त कळतं. हार्वर्डमध्येच फिजिक्सच्या वर्गांवर झालेला २०१९ चा एक अभ्यास आहे, त्यात ॲक्टिव्ह, म्हणजे नुसतं लेक्चर न ऐकता मुलांनी स्वतः प्रश्न सोडवायच्या, वर्गातल्या मुलांना आपण कमी शिकलो असं वाटलं, पण टेस्टमध्ये मार्क त्यांनाच जास्त होते. मला वाटतं हे पहिल्याच आठवड्यात मुलांना मोकळेपणाने सांगावं, की डोकं शिणणार आहे आणि ते चांगलं लक्षण आहे.

उद्या माझं स्टॅटिस्टिक्सचं लेक्चर. आजार हजारात एकाला, टेस्ट दोन्ही बाजूंनी ९० टक्के अचूक, म्हणजे आजारी असो वा निरोगी, शंभरातल्या नव्वदांना बरोबर ओळखते, एकाची पॉझिटिव्ह आली तर त्याला खरंच आजार असण्याची शक्यता किती? पर्याय लिहिलेत ९० टक्के, १ टक्क्याहून कमी आणि शून्य. बरोबर आहे मधला, कारण हजारातल्या ९९९ निरोगी लोकांपैकी साधारण शंभर जणांची टेस्ट उगाच पॉझिटिव्ह येणार. पण शून्य कोणीच निवडणार नाही, तो पर्याय वायाच जाणार. त्याजागी ५० टाकते, आजार एक तर असेल नाहीतर नसेल असं म्हणणारी दोन-तीन मुलं माझ्या वर्गात नक्की आहेत आणि मला ती बोलायला हवीयत.