सोलापूर: गिरण्या बघायला गेलो आणि चादरीत फसलो

आधी चादरीचंच सांगतो, कारण डोकं अजून तिथंच अडकलंय. संध्याकाळच्या हुतात्मा एक्स्प्रेसनी पुण्याहून निघालो, रात्री दहाच्या सुमारास सोलापूर. सकाळी उठून पहिला शहाणपणा केला तो म्हणजे स्टेशनजवळच्या एका दुकानातून "अस्सल सोलापुरी" म्हणून 850 रुपयांची चादर घेतली. मोर, लाल-हिरवा रंग, कोपऱ्यात लेबल, सगळं व्यवस्थित. दुसऱ्या दिवशी पूर्व भागात एका कारखान्यात ती अभिमानानं दाखवली तर मालकांनी काही न बोलता कडेचा एक धागा ओढला आणि काडी लावली. धागा जळलाच नाही, वितळला, आणि टोकाला काळा मणी तयार झाला. मग स्वतःच्या चादरीचा धागा पेटवला, तो कागदासारखा जळून राख झाला. "ही पानिपतची असणार वो, सुतात पॉलिस्टर मारलंय." त्यांच्याकडची सुती चादर 480 ला. मी गप्प.

आता गिरण्यांचं. मला सगळ्यांनी सांगितलं होतं की सोलापूरला जातोयस तर मिल बघ. स्पष्ट सांगतो, बघण्यासारखी मिल आता नाही. रिक्षावाल्याला "जुनी मिल" म्हटलं तर त्यानी 150 रुपये घेऊन एका चौकात उतरवलं आणि म्हणाला "हेच की". समोर इमारती, दुकानं, पार्किंग. पाणी न घेता तासभर उन्हात फिरलो (एप्रिलमध्ये हा मूर्खपणा करू नका, अकराच्या आत काय ते उरका), शेवटी टपरीवरचे एक काका म्हणाले, "मिल कुठंय आता, गेली की. नाव राहिलंय."

पण नाव राहिलंय ते कसं ते बघा. मुरारजी पेठ हे ज्यांच्यावरून, त्या मोरारजी गोकुळदासांनी ही जुनी मिल, म्हणजे सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग मिल काढली, 1870 च्या दशकात, म्हणजे रेल्वे आली आणि मग दुष्काळानं माणसं हातावर पोट घेऊन शहरात आली त्याच काळात. पुढे नरसिंग गिरजी, लक्ष्मी, विष्णू, जाम मिल अशा आणखी उभ्या राहिल्या. काका लक्ष्मी-विष्णूत होते. म्हणाले, घरात घड्याळ नव्हतं, भोंग्यावर सगळं चालायचं, आई भोंगा ऐकून भाकरी टाकायला बसायची. मिल बंद झाल्यावर पहिले कित्येक दिवस पहाटे जाग यायची आणि मग आठवायचं.

जुनी मिल तर 1949 मध्ये मालकांनीच बंद केली, 1950 च्या जानेवारीत केंद्र सरकारनी वटहुकूम काढून ताबा घेतला, त्यावर एक भागधारक थेट सुप्रीम कोर्टात गेला. ती केस वकिलीची मुलं अजून अभ्यासतात, वकील मैत्रिणीनी सांगितलं तेव्हा कळलं, जागेवर मला तरी त्याचा एक फलक दिसला नाही.

चार हुतात्मा पुतळ्यांपाशी मात्र थांबा. 1930 च्या मे महिन्यात इथं मार्शल लॉ लागला होता, आणि 12 जानेवारी 1931 ला मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकृष्ण सारडा, जगन्नाथ शिंदे या चौघांना येरवड्यात फाशी दिली. ज्या गाडीनी आलो तिचं नाव यांच्यावरून, आणि मी इतकी वर्षं नुसता टाइमटेबल बघत होतो.

सिद्धेश्वर मंदिर, तळं, भुईकोट किल्ला हे सगळं छान झालं, अर्धा दिवस पुरतो.

खरं सोलापूर पूर्व भागात. अशोक चौकाकडून गल्ल्यांत शिरलात की आधी कानाला कळतं, खडखडाट, आणि तो घरांतून येतो. खाली माग, वर संसार. दारात बसून बायका विड्या वळतायत, बोलणं तेलुगूत, गिऱ्हाईक आलं की मराठी. पद्मशाली विणकर तेलंगणातून इथं आले आणि गिरण्या मेल्या तरी कापड जगलं ते बरंचसं यांच्या यंत्रमागांवर. एका ठिकाणी जकार्डचा, म्हणजे कापडातच नक्षी विणणारा माग जवळून बघितला, वर भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ फिरतेय आणि खाली मोराची मान एकेका ओळीनी वर येतेय. कारागीर एका हातानी तुटलेला धागा गाठ मारत होता, मान वर न करता. केसांवर, भुवयांवर कापसाची पांढरी धूळ. दहा मिनिटांत माझे कान बधिर झाले, तो बारा तास उभा असतो म्हणाला. "आत जाऊ का" असं विचारून जा, आणि फोटो काढायच्या आधी पण विचारा.

एका दुपारी लाइट गेली आणि सगळी गल्ली एकदम गप्प झाली. दीड तास बसलो, त्यात एका अक्कांनी चहा पाजला.

चादर घेताना: उलटून बघा, खऱ्या जकार्डमध्ये दोन्ही बाजूंनी नक्षी असते, रंग फक्त उलटे होतात. पण माझी पण तशीच होती, त्यामुळे नुसतं तेवढ्यावर जाऊ नका, धागा जाळून बघू देत नसेल तर दुकानातून बाहेर पडा. सोलापुरी चादर आणि टॉवेल दोन्हींना जीआय टॅग (भौगोलिक मानांकन) आहे, पण लेबल काय, कोणीही शिवतं. स्टेशनजवळ काही म्हणजे काही घेऊ नका. टॉवेल कारखान्यातूनच घ्या, डझनावर घेतले तर भाव कमी करतात.

परतीची हुतात्मा सकाळी साडेसहाच्या सुमारास सुटते, त्यामुळे खरेदी आदल्या दिवशीच. शेंगाचटणी आणि कडक भाकरी बॅगेत वरच ठेवा, मी टॉवेलांखाली ठेवली आणि कुर्डुवाडीपर्यंत उपाशी.