उतार

एसटीच्या ड्रायव्हरच्या पोरानं घाटात पळण्यासाठी पैसे भरावेत, हे अण्णांच्या पचनी पडणं शक्यच नव्हतं.

"वर जाऊन काय करायचं?" त्यांनी पेपर खाली ठेवून विचारलं.

"काही नाही. वळायचं आन् परत यायचं."

"मंजी रिकामी फेरी," अण्णा म्हणाले आणि पेपर पुन्हा वर केला.

अण्णांनी उभी हयात लाल गाडी चालवली. सातारा, मेढा, केळघर, महाबळेश्वर ही त्यांची लाडकी ड्यूटी. मधली काही वर्षं वाईचा पसरणी घाट. घाट म्हणजे त्यांच्या लेखी पोटापाण्याची गोष्ट. त्यात मौज कसली? मला मात्र वयाच्या एकोणपन्नासाव्या वर्षी मुंबईची फुल मॅरेथॉन पळायची हुक्की आली होती. फुल म्हणजे 42.195 किलोमीटर. त्या शेवटच्या 195 मीटरांचाही हिशोब देणारे लोक भेटतात, तेव्हा मी कामाचं निमित्त काढून सटकतो.

मुंबईची शर्यत जानेवारीत. त्याआधी पुण्याकडच्या पळणाऱ्यांचं वर्ष ठरलेलं असतं. पावसाळ्यात रविवारी पहाटे बोपदेव घाट नाहीतर सिंहगडाचा डांबरी रस्ता, सप्टेंबरच्या सुमारास साताऱ्याची हिल हाफ मॅरेथॉन, दिवाळीचा फराळ अंगावरून उतरवला की लांब पल्ल्याचे रविवार आणि मग मुंबई. साताऱ्याची शर्यत 2012 मध्ये सुरू झाली आणि 2015 मध्ये तर तिची गिनीज बुकात नोंद झाली. एकवीस किलोमीटर. गावातून निघायचं, समर्थ मंदिरावरून बोगद्यात शिरायचं, यवतेश्वरचा घाट चढायचा, कासच्या रस्त्यावर ठरल्या जागी वळायचं आणि आल्या वाटेनं परत.

"पण मुंबई तर सपाट आहे, मग घाट कशाला?" आमच्या बँकेतल्या कॅशियरचा हा प्रश्न रास्त होता. मुंबई सपाट आहे हे त्यांनाच वाटतं, ज्यांनी पस्तीस किलोमीटर पळून झाल्यावर पेडर रोड पाहिलेला नाही. एरवी टॅक्सीत बसून जाताना तो चढ आहे हेसुद्धा कळत नाही. पाय दमले की तोच रस्ता जिना होतो. आधी खराखुरा घाट अंगवळणी पाडला की त्या जिन्याची भीती मोडते, असा हिशोब.

तर मी चढायची तयारी केली. नीट, मन लावून केली. बोपदेवला दर रविवारी चार-पाच फेऱ्या. जीव तोडून वर पळायचं आणि खाली येताना गप्पा मारत चालत यायचं. ऑफिस, पोरांची ॲडमिशन, कुणाच्या गुडघ्याला कुठलं तेल लावलं, हे सगळे विषय उतारावर. उतार म्हणजे आमची मधली सुट्टी. त्या सुट्टीतच घोळ होता, हे नंतर कळलं.

शर्यतीच्या पहाटे साताऱ्यात बुरबुर पाऊस होता. हजारो माणसं काखेत आणि मांड्यांना व्हॅसलीन चोपडत उभी होती. प्रत्येक जण बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधत होता, परीक्षेआधी पेनात शाई आहे का हे बघावं तसं. गावातून निघालो तर दारोदार माणसं उभी. कुठे हलगी, कुठे ढोल. रांगोळी काढता काढता मान वर करून बघणाऱ्या बायका आणि टाळ्या घ्यायला हात पुढे करून रांगेत उभी पोरं. मुंबईच्या पूर्ण मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांत लागोपाठ तीनदा पहिली आलेली आणि पुढे 2016 मध्ये रिओ ऑलिंपिकच्या स्टीपलचेस अंतिम फेरीत धावलेली ललिता बाबर याच जिल्ह्यातली, माण तालुक्यातल्या मोहीची. इथल्या लोकांना पळणं म्हणजे काय ते कळतं, म्हणून ते आपली फार कीवही करत नाहीत.

बोगद्यात शिरलो आणि पुढच्या-मागच्या सगळ्यांनी एकदम बोंब ठोकली. शाळेच्या सहलीची गाडी बोगद्यात शिरली की पोरं ओरडायची तशी. माझ्या शेजारी एक केस पांढरे झालेले गृहस्थ होते, ते सगळ्यात मोठ्यानं ओरडले आणि बाहेर पडल्यावर लगेच गंभीर चेहरा करून घड्याळ बघायला लागले.

मग घाट. चढ लागला की आधी गप्पा बंद होतात, मग घड्याळाकडे बघणं बंद होतं. किलोमीटरला सव्वासहा मिनिटं दाखवणारं घड्याळ आठ, साडेआठ दाखवू लागतं आणि आपण बाही खाली ओढून ते झाकतो. पावलं बारीक होतात. श्वास मोजायचा: तीन पावलांना आत, दोन पावलांना बाहेर. खाली धुक्यात सातारा, समोर अजिंक्यतारा मधेच दिसतो, मधेच पुसला जातो. एका वळणावर मी जरा चालायला लागलो, तर कठड्याशी इरलं घेऊन उभी असलेली एक म्हातारी म्हणाली, "पळा की वो! च्या प्यायला निघालायसा व्हय?" मी पळालो. पुढचं वळण येईपर्यंत तरी पळालो.

आणि मग वळायची जागा आली. तिथून पुढे जे झालं ते सुख होतं, हे नाकारण्यात अर्थ नाही. पाय आपोआप पडू लागले. पाऊस पाठीवर, रस्ता समोर ओला आणि काळा. मला कुणी मागे टाकत नव्हतं, मीच टाकत होतो. एक, दोन, दहा. पन्नाशीला टेकलेल्या माणसाला पंचविशीतल्या पोरांना मागे टाकायला मिळणं हे फार वाईट व्यसन आहे. लांब लांब ढांगा, टाच आपटते आहे, हात पंख्यासारखे. काही जण बारीक पावलं टाकत, चवड्यांवर, अगदी कंजुषीनं उतरत होते. मला त्यांची दया आली.

बोगदा परत आला तेव्हा पुन्हा सगळे ओरडले. माझा आवाज निघाला नाही. मांड्यांमध्ये काहीतरी थरथरत होतं, जेलीसारखं. बोगद्यापासून पुढे रस्ता सौम्य, गावातला, पळायला सोपा, आणि तिथेच माझी गाडी बसली. दम लागलेला नव्हता, श्वास ठीक होता. फक्त मांड्या माझं ऐकत नव्हत्या. कंजूष मंडळी एकेक करून शेजारून गेली. एका शाळकरी स्वयंसेवकानं संत्र्याच्या फोडीवर मीठ भुरभुरून माझ्या हातात दिली आणि "काका, थोडंच राह्यलंय" असं धादांत खोटं बोलला. दोन तास एकेचाळीस मिनिटांनी मी मेडल गळ्यात घालून एका टपरीच्या बाकावर बसलो. मग उठता येईना.

खरी शर्यत दुसऱ्या दिवशी झाली. म्हणजे जिन्यावर. आमचं घर तिसऱ्या मजल्यावर आणि बिल्डिंगला लिफ्ट नाही. वर चढायला काही अडचण नव्हती. उतरताना मात्र कठडा दोन्ही हातांनी धरून, तोंड भिंतीकडे करून, खेकड्यासारखं आडवं उतरावं लागलं. भारतीय पद्धतीच्या संडासाविषयी मी इथे लिहिणार नाही. ज्यांनी घाट उतरला आहे त्यांना ते ठाऊक आहे.

असं का होतं ते मी मग वाचून काढलं. चढताना मांडीचा स्नायू आखडत काम करतो. घाम काढतो, दम काढतो, पण इजा थोडी. उतरताना त्याच स्नायूला उलटं काम पडतं: एकीकडे तो ताणला जात असतो आणि त्याच क्षणी आपलं सगळं वजन झेलून धरत असतो. दर पावलाला. त्यात त्याच्या तंतूंना बारीक बारीक चिरा पडतात, आणि दुखणं लगेच येत नाही, एक-दोन दिवसांनी निवांत येतं. बॉस्टनची जुनी मॅरेथॉन, 1897 पासूनची, तिच्यात बत्तीस किलोमीटरनंतर एक टेकडी येते. तिचं नाव काळीज फोडणारी टेकडी. चढ किती, तर अवघा सत्तावीस मीटरच्या आसपास. पण त्या शर्यतीचा पहिला भाग मुख्यतः उताराचा आहे, लोक तिथे माझ्यासारखेच पंख लावून सुटतात, आणि टेकडीपाशी पोचतात तेव्हा मांड्यांत काही उरलेलं नसतं. नाव मात्र टेकडीचं बद्दू होतं.

अण्णांना मी हे काही सांगितलं नव्हतं. ते स्वतःच मोबाइल मागायला आले. घड्याळातून मोबाइलवर आलेला आलेख मी बायकोला दाखवत होतो: घाटाचा एक डोंगर, आणि त्याच्यावरून जाणारी वेगाची निळी रेघ. अण्णांनी चष्मा कपाळावर चढवला, मोबाइल लांब धरला आणि बराच वेळ बघत राहिले. ती निळी रेघ म्हणजे काय, एवढंच विचारलं. मग बोट ठेवलं.

"हितं लायनर जळलं."

बोट बरोब्बर बोगद्याच्या अलीकडे होतं.

"न्यूट्रलला उतरवलीस तू गाडी," ते म्हणाले. डिझेल वाचवायला उतारावर गाडी न्यूट्रलला टाकणाऱ्या ड्रायव्हरांवर अण्णांचा जुना राग. गाडी सुसाट सुटते, मग सगळा भार ब्रेकवर, मग लायनरचा जळका वास गाडीभर आणि पाशिंजर नाकाला पदर लावून. "ज्या गेरात चढलास त्याच गेरात उतरायचं. घाटाला दुसरा कायदा न्हाई."

एवढी पुस्तकं चाळून मला जे कळलं ते त्यांनी एका बोटानं सांगितलं, म्हणून मला जरा रागच आला. पण नंतर एक गंमत डोक्यात घोळत राहिली. आपल्या भाषेत माणूस शर्यतीत उतरतो. मैदानात उतरतो, कसोटीला उतरतो, पसंतीस उतरतो. चढते ती नशा, आणि तीही शेवटी उतरतेच. मला पहिल्या दिवसापासून या सगळ्या शब्दांत इशारा होता आणि मी बोपदेवला उतारावर पोरांच्या ॲडमिशनच्या गप्पा मारत होतो. उतारवयाचं तर नावच काढू नका.

दुखणं थांबल्यावर मी तयारीत एक बदल केला. स्नायूंना एकदा असा उतार पचला की पुढचे काही आठवडे तो तितका बाधत नाही, म्हणून तो थोडा थोडा, बेतानं द्यायचा. सिंहगडाच्या पायथ्याला पहाटे जीप मिळते. मी जीपनं वर जायचं आणि खाली पळत यायचं ठरवलं. सगळं जग याच्या उलट करतं. पहिल्या रविवारी जीपमध्ये माझ्याकडे बघून एका कॉलेजच्या पोरानं मित्राला कोपर मारलं.

दुसऱ्या रविवारी अण्णा म्हणाले, मी येतो. वर गेल्यावर त्यांनी मडक्यातलं दही घेतलं, वर कांदाभजी घेतली, वाऱ्यावर बसून दोन्ही सावकाश संपवलं. मी नाडी बांधली आणि निघालो. पावलं बारीक, गुडघे जरा वाकलेले, पाय अंगाच्या खालीच. कंटाळवाणं काम होतं. कंजुषीच म्हणा ना. दोन-तीन वळणं तशी गेली, मग पुढे एक तरुण पळताना दिसला आणि माझ्या ढांगा आपोआप लांबल्या.

मागून हॉर्न वाजला. जीप शेजारून पुढे गेली. ड्रायव्हरच्या बाजूच्या सीटवर अण्णा बसले होते. खिडकीतून त्यांचा हात बाहेर आला, तळवा जमिनीकडे करून, सावकाश वर-खाली, वर-खाली. वळण संपेपर्यंत तो हात तसाच हलत राहिला.