तांबं जातं, टॉवेल येतो

काल भैय्या चौकातनं येताना डॉ. कोटणीसांच्या स्मारकापाशी जरा थांबलो. १९१० ला आपल्या सोलापुरात जन्मलेला माणूस, १९३८ ला चीनला गेला, जखमी सैनिकांची ऑपरेशनं करत राहिला आणि १९४२ ला तिथंच वारला, वय फक्त ३२. तेव्हा चीन युद्धानं पिचलेला गरीब देश होता, आणि मदत पाठवणारे आपण स्वतःच इंग्रजांच्या ताब्यात.

आज तोच चीन २००९ पासून आफ्रिकेचा सगळ्यात मोठा व्यापारी भागीदार आहे. सुरुवात चांगलीच होती ओ, झांबियाला आपलं तांबं ऱ्होडेशियाच्या (आताच्या झिम्बाब्वेच्या) गोऱ्या सरकारच्या वाटेनं न्यायचं नव्हतं, जागतिक बँकेनं नकार दिला, तेव्हा चीननं बिनव्याजी कर्ज देऊन १९७० ते ७५ मध्ये टांझानियाच्या बंदरापर्यंत १८६० किलोमीटरची रेल्वे बांधून दिली. हे मी कधीच कमी लेखणार नाही.

आता विषय निघाला की सगळे श्रीलंकेच्या हंबनटोटा बंदरावर येतात, २०१७ ला ते चिनी कंपनीकडे ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्यावर गेलं म्हणून चीन सावकार. पण श्रीलंकेच्या परदेशी कर्जात मोठा वाटा बाजारात विकलेल्या रोख्यांचा होता, नुसत्या चीनचा नाही. मला कर्जापेक्षा दुसरी गोष्ट जास्त टोचते.

आमच्या काकांचे पूर्व भागात टॉवेलचे लूम आहेत. त्यांना मी सांगत होतो की नायजेरियात कडुना, कानो इथं मोठमोठ्या कापड गिरण्या होत्या, स्वतःचा कापूस होता, आणि विजेची बोंब, त्यात चोरून आलेलं स्वस्त चिनी कापड, यात एकेक करत बहुतेक बंद पडल्या. काका बराच वेळ गप्प बसले, गिरण्या बंद पडल्यावर घरात काय होतं हे सोलापूरकराला समजावून सांगावं लागत नाही. आफ्रिकेतनं तांबं, कोबाल्ट, तेल जातं आणि तयार माल परत येतो. डिसेंबर २०२४ पासून चीननं सगळ्यात गरीब देशांच्या मालावरची ड्युटी शून्य केली, चांगलं केलं, पण पाठवायला तयार माल तर पाहिजे ना.

काका म्हणाले, "तिथं सूत कातायला मशीन कोण देतंय?"

आणि आपण तरी काय वेगळं करतोय, मोझांबिकची तूर आपण आख्खीच आणतो, डाळ इथल्या मिलमध्ये होते.