मध्यपूर्वेवरची टिक

मी काय काम करते हे घरी विचारलं तर "ऑनलाईन फॉर्म भरते" असं सांगते. तसं ते खोटं नाही. पुण्यात सात जणांची एक कंपनी आहे, ती व्हिडिओ गेम बनवते. गेम दुकानात लागण्याआधी जे जे भरावं लागतं ते मी देवगडजवळच्या आमच्या घराच्या पडवीत बसून भरते. वयोगटाची प्रश्नावली, देशांची यादी, किमतींचा तक्ता. दुकान म्हणजे अर्थात ऑनलाईन दुकान. नाव घेत नाही, उद्या पुन्हा त्यांच्याच दारात जायचंय.

गेल्या पावसाळ्यात आम्ही काढलेला गेम अठरा वर्षांवरच्यांसाठी होता. १९४०च्या आसपासचा काळ, खोताचा वाडा, वाड्यातली विधवा सून आणि रात्री होडीने तिच्याकडे येणारा माणूस. त्यात न्हाणीतला एक प्रसंग आहे, चुलीच्या उजेडातला, बेचाळीस सेकंदांचा. दोघांच्याही अंगावर काही नाही, पण आमच्या चित्रकाराने तो असा काढलाय की बघणाऱ्याचं लक्ष आधी तांब्याच्या हंड्यात पडलेल्या तिच्या पाठीच्या प्रतिबिंबाकडे जातं. झाकायचा का, असं विचारल्यावर तो म्हणाला, "वाफ वाढवतो, काळी पट्टी मारणार नाही." मला ते पटलं होतं. अजूनही पटतं.

वयोगटाची प्रश्नावली हा माझा आवडता भाग. आयएआरसी नावाची एक सोय आहे. एकदा प्रश्न भरले की अमेरिकेचं ईएसआरबी, युरोपचं पेगी, जर्मनीचं यूएसके, शिवाय ब्राझील, ऑस्ट्रेलिया, अशा सगळ्या वर्गीकरण संस्थांचे वयाचे शिक्के त्या उत्तरांवरून निघतात. ऐकायला सोपं वाटतं. पण प्रश्न सरकारी पंचनाम्यासारखे असतात. नग्नता आहे का? असल्यास लैंगिक संदर्भात आहे का? रक्त आहे का? पात्रं दारू पितात का? (माडी ही दारूच, तिथे वाद नाही.) शिवराळ भाषा आहे का, क्वचित की वारंवार? आता मालवणीत शिवी कुठे संपते आणि माया कुठे सुरू होते हे मी कुठल्या रकान्यात लिहू? "वारंवार" वर खूण केली.

अंमली पदार्थांच्या प्रश्नावर मात्र मी थांबले. आमच्या गेममध्ये एक म्हातारा तांडेल, म्हणजे होडी हाकणारा, आहे. खेळाडूने त्याच्यासोबत चिलीम ओढली की धुक्यातली पायवाट दिसायला लागते. लेखकाला हे फार काव्यमय वाटत होतं. मला ऑस्ट्रेलिया दिसत होता. नशा केली आणि खेळाडूला त्याचं बक्षीस मिळालं, हे तिथल्या वर्गीकरणाला अजिबात चालत नाही. २००८मध्ये फॉलआउट ३ हा गेम याच मुद्द्यावर अडकला होता आणि शेवटी बनवणाऱ्यांनी मॉर्फिनचं नाव बदलून मेड-एक्स केलं. २०२१मध्ये डिस्को एलिझियमच्या नव्या आवृत्तीला आधी परवानगीच नाकारली, फेरविचारात १८ वर्षांवरचा शिक्का मिळाला. तेवढ्या मोठ्या लोकांना फेरविचार परवडतो. मी लेखकाला म्हटलं, चिलमीची विडी कर आणि वाट विडीमुळे नाही, म्हाताऱ्याशी बोलल्यावर दिसू दे. तो दोन दिवस बोलला नाही. तिसऱ्या दिवशी त्याने बदललं, आणि खरं सांगायचं तर प्रसंग आधीपेक्षा चांगला झाला. ऑस्ट्रेलियाचा शिक्का सुखरूप आला. ही कामगिरी माझी, तिचं श्रेय कुणी दिलं नाही म्हणून इथे लिहून ठेवते.

त्या तांडेलाचा आवाज माझ्या मामाचा.

मामा बावीस वर्षं आखातात आहे, सध्या सौदीत दम्मामला एसी दुरुस्तीच्या कामावर. त्याआधी, लग्नापूर्वी, दहिकाल्यात, म्हणजे दशावतारी नाटकात, संकासूर राक्षस करायचा. आदल्या वर्षी गणपतीला आला होता तेव्हा माळ्यावर गोधड्या टांगून त्याचा आवाज घेतला. दोन सरींच्या मधल्या वेळेत, कारण कौलांवर पाऊस पडायला लागला की सगळं फुकट. शिवाय बेडूक. लेखकाने पाठवलेला कागद मी त्याच्या हातात दिला, तर त्याने तो चष्म्याशिवाय लांब धरून बघितला आणि पाटाखाली सारला. "दशावतारात कागद कोण वाचता गो? काय झाला ता सांग, बोलतंय मी." दशावतारी माणूस तो, संवाद जागच्या जागी रचणार. मी प्रसंग सांगायचे, तो बोलायचा. चारशे अकरा वाक्यं झाली. लेखकाच्या मूळ कागदातली त्यातली फार तर साठ. बाकीची ऐकून लेखकाने स्वतःची वाक्यं मुकाट्याने खोडली.

आता देशांची यादी.

त्या दुकानात प्रश्नावलीपलीकडे आणखी एक चौकट असते: फक्त प्रौढांसाठीचा लैंगिक मजकूर आहे का. ती चौकट नको म्हणून आमच्या प्रोड्यूसरने आठवडाभर हुज्जत घातली. पोरगा हुशार आहे, पण त्याचं सगळं जग एक्सेलमध्ये मावतं. "बेचाळीस सेकंदच तर आहेत, 'काही प्रमाणात नग्नता' लिही ना." मी नाही लिहिलं. आपण खोटं लिहिलं आणि कुणी तक्रार केली तर गेमच उतरवतात, मग दुकानाच्या मदतकक्षाला पत्रं लिहीत बसायचं, आणि तिथून येणारी उत्तरं म्हणजे आरतीसारखी, कुठल्याही देवाला चालणारी. मी खरं तेच भरलं. चौकटीवर खूण करताच जर्मनी आपोआप राखाडी झाली.

जर्मनीत असे गेम बेकायदा आहेत असं पुष्कळांना वाटतं. तसं नाही. अश्लील मजकूर दाखवण्याआधी समोरचा खरोखर सज्ञान आहे याची खात्री करा, एवढं तिथला कायदा मागतो. नुसती जन्मतारीख विचारून भागत नाही. ती तपासणीची यंत्रणा उभी करण्यापेक्षा गेम तिथे न दाखवणं दुकानाला स्वस्त पडतं. जर्मन माणसाला फक्त "तुमच्या प्रदेशात उपलब्ध नाही" एवढं दिसतं आणि तो आपल्या सरकारला शिव्या घालतो.

जर्मनी यंत्राने काढली. पुढचे देश मी काढले.

त्या संध्याकाळी साडेसहाला लाईट गेली. रात्री साडेदहाला गेम खुला व्हायचा होता. चौपदरीकरणाच्या जेसीबीने फायबर दुपारीच तोडली होती, तेव्हा मोबाईल खिडकीच्या गजाला बांधून त्यावर इंटरनेट चाललेलं. इन्व्हर्टर मिनिटाला एकदा टुं करत होता. आई समईच्या उजेडात फणसाच्या आठळ्या सोलत बसलेली, आणि मी प्रोड्यूसरशी फोनवर मोठमोठ्याने "संभोग सूचित आहे की दाखवलाय" हे ठरवत होते. फोन ठेवल्यावर आई म्हणाली, "लोकांका काय सांगू, चेडू माजा काय करता म्हणान?" मी म्हटलं, फॉर्म भरता म्हणून सांग.

प्रोड्यूसरचा निरोप आला: धोक्याचे देश काढून टाक, आपल्याकडे वकील नाही. कुठले देश धोक्याचे, हे त्यानं लिहिलं नव्हतं. यादीत दोनशेवर नावं, प्रत्येकासमोर चौकोन, चौकोनात बरोबरची खूण. वर खंडांप्रमाणे गट केलेले. गटावर टिचकी मारली की आतले सगळे देश एकदम जातात. मी "मध्यपूर्व" या गटावर टिचकी मारली. एकेक देश बघून पंधरा वेळा टिचकी मारण्याऐवजी एकदा. बॅटरी अकरा टक्के होती. जतन करा, हो, नक्की, हो.

दम्मामचा विचार मनात आलाच नाही. म्हणजे मामाचा आलाच नाही. तो माझ्या डोक्यात "आखात" असतो, "मध्यपूर्व" नसतो.

साडेदहाला गेम खुला झाला. तिकडे तेव्हा रात्रीचे आठ. पावणेअकराला मामाचा फोन. मागे चार-पाच माणसांचा आवाज, कुकरची शिट्टी. खोलीतल्या सगळ्यांना जेवायच्या आधी बसवलं होतं. मल्याळी, एक नेपाळी, एक आपल्याकडचा वेंगुर्ल्याचा. लॅपटॉप कुणाचा तरी मागून आणलेला.

"गो बाय, हय काय दिसना नाय. उपलब्ध नाय म्हणता."

मी आधी नेटवर्कला दोष दिला. मग तारखेला. मग गप्प झाले. तो म्हणाला, "म्हणजे माजोच आवाज माका आयकाक गावाचो नाय?" चिडून नाही. हसून, मागच्या माणसांना ऐकू जाईल असं. त्यानंच जास्त लागलं.

कुणीतरी मागून व्हीपीएन म्हणत होतं. मी नको म्हटलं. दुकानाच्या अटींत ते बसत नाही हे एक, आणि ज्या देशात व्हिसावर पोट आहे तिथे असल्या वाटेने असला गेम बघायचा सल्ला मी माझ्या मामाला देणार नाही. इंटरनेटवर सगळे बसल्या जागेवरून सांगत असतात, "व्हीपीएन लाव की." सांगणाऱ्याचा इकामा, तिथे राहायचा परवाना, पणाला लागलेला नसतो.

दुसऱ्या दिवशी प्रोड्यूसरला विचारलं, सौदी परत चालू करता येईल का. तो म्हणाला, तिथे आपली विक्री शून्य आहे. मी म्हटलं, बंद दुकानात विक्री शून्यच असणार. तो म्हणाला, प्रसंग कापलेली वेगळी आवृत्ती काढायला तीन आठवडे लागतील. हे मात्र त्याचं बरोबर होतं.

तेव्हापासून मी हा हिशोब मांडतेय. मला कुणी मनाई केली होती? सौदीत गेमना वयाचे शिक्के देणारी सरकारी संस्था आहे. २०२३च्या जूनमध्ये फायनल फँटसी १६ तिथे येणार नाही हे तिने जाहीर सांगितलं, प्रकाशक बदल करायला तयार नाही म्हणून. बरोबर-चूक बाजूला ठेवा, नाही म्हणणारा दिसतो तरी. आमच्या गेमला कुणी नाही म्हटलं नाही, कारण आम्ही कुणाला विचारलंच नाही. विचारलं असतं तर बहुतेक नाहीच म्हटलं असतं, हेही मला कळतं. पण त्या गटातले बाकीचे चौदा देश? त्यांचे नियम मी उघडूनसुद्धा पाहिले नाहीत.

आपल्याकडेही हे होऊन गेलंय. २००८च्या ऑक्टोबरमध्ये मायक्रोसॉफ्टने फॉलआउट ३ भारतात आणायचा नाही असं ठरवलं, कारण दिलं सांस्कृतिक संवेदनशीलता. त्या गेममध्ये दोन तोंडांच्या गाई आहेत आणि त्यांचं नाव ब्राह्मिन, म्हणून लोकांनी बाकीचं ओळखलं. सरकारने बंदी घातली नव्हती. भारतात गेमना शिक्का देणारं मंडळ तेव्हा नव्हतंच. कुठल्यातरी ऑफिसात कुणीतरी यादीतून आपल्याला काढलं. मी तेव्हा कॉलेजात होते आणि त्या अनोळखी माणसाला पोटभर शिव्या दिल्या होत्या. बहुधा त्याचीही बॅटरी अकरा टक्के असेल.

आणि २०२५च्या जुलैत तर पैसे पोचवणाऱ्या कंपन्यांनी डोळे वटारले तशी इच.आयओ या गेम विकणाऱ्या साईटने प्रौढांसाठीची सगळी पानं शोधयादीतून उतरवली. त्यात गलिच्छ गेम होते, तसे कुणाच्या आयुष्यावर बेतलेले हळवे गेमही होते. चाळणीला बेचाळीस सेकंद आणि बेचाळीस मिनिटं यातला फरक कळत नाही. चौकट एकच असते. हा राग मी दुकानावर काढते, प्रोड्यूसरवर काढते, पण त्या रात्रीची टिचकी माझ्या बोटाची होती.

आठवड्याने मी एक गोष्ट केली, न विचारता. मामाच्या चारशे अकरा वाक्यांच्या फाईली क्रमाने जोडल्या, एकूण एकोणचाळीस मिनिटं, आणि त्याला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवल्या. तांडेलाच्या तोंडी न्हाणीतलं काही नाहीच. तो बिचारा फक्त होडी, वारा आणि वाड्यातल्या माणसांबद्दल बोलतो.

शुक्रवारी, त्यांच्या सुटीच्या दिवशी, त्याचा उलट आवाजी निरोप आला, सात मिनिटांचा. खोलीत सगळ्यांनी ऐकलं म्हणे, मामाने मधे मधे हिंदीत समजावून सांगितलं. पण तांडेलाची वाक्यं गेमच्या मध्यावरच संपतात, पुढे तो मरतो. नेपाळी पोराने विचारलं, फिर क्या हुआ? पुढे काय होतं हे मामाला माहीत नव्हतं. मी कधी सांगितलंच नव्हतं. मग त्याने ते उभ्या उभ्या रचलं. त्या सात मिनिटांत तांडेल मरत नाही, वाड्यातल्या सुनेला होडीत बसवून विजयदुर्गाच्या बाजूला नेतो, आणि मागे वळून वाड्याला अशी एक शिवी घालतो की निरोपात पुढची दहा सेकंदं फक्त हसणं आहे.

मी तो लेखकाला ऐकवला. तो बराच वेळ काही बोलला नाही, चिलमीच्या वेळेसारखाच. मग म्हणाला, हा शेवट पुढच्या अपडेटमध्ये घालू.

घालायचा तर प्रश्नावली पुन्हा भरावी लागेल, आणि तिच्यासोबत देशांची यादीही पुन्हा उघडेल. काल रात्री उघडून ठेवलीय. शिवराळ भाषेच्या प्रश्नाला "वारंवार"च्या वर पर्याय नाही.