लाल फुलांची वाटणी

आईने देवाला वाहायला फुलं तोडली म्हणून मी कधी चिडेन, असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं. निफाडच्या घरी सकाळी परडी घेऊन फुलं आणायचं काम माझंच होतं. शेजाऱ्यांच्या कुंपणातून हात घालून तोडलेली जास्वंद आपल्या जास्वंदीपेक्षा टपोरी असते, हे ज्ञान मला चौथी-पाचवीतच झालं होतं. पण गेल्या ऑगस्टच्या शेवटी, न्यू जर्सीतल्या आमच्या परसात, सकाळी सातला बघतो तर कार्डिनल फ्लॉवरच्या पाच दांड्यांपैकी चार बोडके. चहाचा कप हातात तसाच धरून मी देवघर गाठलं. आमचं देवघर म्हणजे पँट्रीतला वरून दुसरा खण. तिथे गणपतीच्या पायाशी माझी सगळी लालभडक फुलं मांडून ठेवलेली.

"आई, ही फुलं त्याची होती गं."

"कोणाची?"

"हमिंगबर्डची."

तिने निरांजनातली वात बोटाने पुढे सारली. "आणि हा कोण मग?" म्हणत गणपतीकडे मान वळवली.

यावर काय बोलणार? तांबडं फूल गणपतीला प्रिय, हे तिनेच मला शिकवलेलं. तांबडं फूल हमिंगबर्डला, म्हणजे इथल्या मध पिणाऱ्या चिमुकल्या पाखराला, दुरून दिसतं, हे शिकायला मात्र मला चार उन्हाळे आणि बरेच डॉलर लागले.

पहिल्या उन्हाळ्यात मी मोगरा लावला होता. एडिसनच्या एका भारतीय दुकानाबाहेर रोपं मांडलेली दिसली आणि वासानेच माझा निकाल लागला. मोगऱ्याच्या तीन कुंड्या, शिवाय एक रातराणी. संध्याकाळी डेकवर बसलं की डोळे मिटून नाशिकला जाऊन यावं, असा घमघमाट. शेजारच्या बाईंच्या बागेत ते चिमुकलं पाखरू दिवसातून दहा वेळा येई, आमच्याकडे कुंपणावरून नुसतं झूम करून जाई. शेवटी बाईंनीच सांगितलं, की वासाच्या मागे तो येत नाही, फुलं शोधतो ती डोळ्यांनी. पांढरी, रात्री दरवळणारी फुलं असतात पतंगांसाठी. अंधारात दिसावं म्हणून रंग पांढरा आणि वाट सापडावी म्हणून वास. पाखराच्या फुलाला वासाचा खर्च परवडत नाही आणि लागतही नाही. ते लाल असतं. मधमाशीच्या डोळ्यांना लाल रंग नीट दिसत नाही, त्यामुळे तिची वर्दळ कमी आणि आतला मध पाखराला शिल्लक. शिवाय फूल लांब, अरुंद नळीचं, आणि बसायला ओटा नाही. ज्याला हवेत एका जागी उभं राहता येतं, त्यानेच यावं.

माझ्या मनातली बागेची सगळी कल्पनाच त्यामुळे उलटी झाली. आमच्या घरात बिनवासाच्या फुलाला कुणी फूल म्हणत नसे, शोभेचं झाड म्हणत.

मग मी रीतसर लागलो. इथे पूर्वेकडच्या राज्यांत घरटं करणारा हमिंगबर्ड एकाच जातीचा, लाल गळ्याचा. एप्रिलच्या अखेरीस येतो, सप्टेंबर सरता सरता जातो. तेवढ्या पाच महिन्यांत त्याच्या पानात सतत काहीतरी वाढलेलं पाहिजे. आल्या आल्या रानटी कोलंबाईन, मग कुंपणावर चढवलेला कोरल हनीसकल, जुलैत बी बाम, ऑगस्टमध्ये कार्डिनल फ्लॉवर. ट्रम्पेट क्रीपर लावायचा मोह मी आवरला, कारण तो जमिनीखालून पसरतो आणि शेजाऱ्यांच्या अंगणात उगवून संबंध बिघडवतो.

यातल्या बी बामने मला सगळ्यात जास्त छळलं. तुळशीच्या कुळातलं झाड, तसाच चौकोनी दांडा, चुरगळलं की उग्र वास, त्यामुळे हरणं तोंड लावत नाहीत. (इथे हरणं काव्यात नसतात, वाफ्यात असतात.) फूल म्हणजे लाल झिपऱ्या सोडलेलं डोकं. पण जुलै संपला की पानांवर पांढरी पिठी चढते. दोन वर्षं मी इंटरनेटवर फोटो ताडून बघत होतो. आई आली, चष्मा न लावता पान बोटाने पुसलं आणि म्हणाली, "भुरी आहे ही. एवढी द्राक्षं बघत मोठा झालास आणि भुरी ओळखता येईना?"

तिने लगेच गंधकाची धुरळणी सुचवली. मी म्हटलं, इथे काही मारायचं नाही, हे पाखरू नुसत्या मधावर जगत नाही. चिलटं, बारीक कोळी खातं, पिलांना तर तेच भरवतं. शिवाय कोळ्याच्या जाळ्याचे धागे त्याला घरट्याला लागतात. आईने थोडा विचार केला. "मग काड्या विरळ कर. हवा खेळती राहिली की निम्मी भुरी तशीच जाते." मी निम्म्या काड्या बुडातून छाटल्या. तोडलेली पानं तिने वाया जाऊ दिली नाहीत, चहात टाकली. बोस्टनच्या बंदरात १७७३ साली चहाच्या पेट्या बुडवल्यानंतर इथले लोक चहाऐवजी याच पानांचा काढा पीत, असं मी तिला सांगितलं. एक घोट घेऊन ती म्हणाली, "स्वातंत्र्यासाठी लोकांना काय काय सोसावं लागतं!"

पाखरासाठी टांगलेल्या साखरपाण्याच्या बाटलीवरून मात्र तिचा आणि माझा पहिल्या दिवसापासून वाद. प्रमाण ठरलेलं आहे, एक भाग पांढरी साखर आणि चार भाग पाणी. मध नाही, गूळ नाही, लाल रंग तर नाहीच. उन्हाळ्यात दर दोन-तीन दिवसांनी बाटली धुऊन नवीन भरायची. फुलातल्या मधाची गोडी साधारण एवढीच असते. आईला हा कंजूषपणा वाटला. "एवढ्या पातळ पाकात गुलाबजामसुद्धा बुडायला लाजेल." पण मुंग्यांवरचा उपाय बघून ती खूश झाली. बाटलीच्या वर एक छोटी वाटी टांगतात, तिच्यात पाणी भरतात, म्हणजे मुंगीला ते पाणी ओलांडून खाली उतरता येत नाही. हे यंत्र मी आठ डॉलरला विकत आणलं होतं. आमच्या आजीच्या फडताळाचे चारही पाय पाण्याच्या वाट्यांत उभे असत, त्याचे तिला कुणी आठ पैसे दिले नाहीत.

सुरुवातीला ती त्याला भुंगाच समजत होती. आवाजही तसाच, पंख सेकंदाला पन्नासेक वेळा हलतात. वजन साधारण तीन ग्रॅम. ग्रॅममध्ये तिला अंदाज येईना, तेव्हा म्हटलं, पाव तोळा. मग मात्र तिचे डोळे विस्फारले. पाव तोळ्यात रक्त, मांस, हाडं, पिसं आणि वर एवढा तोरा! कारण तोरा आहेच. दुसरा पाखरू बाटलीजवळ फिरकला तर हा सगळं पिणं सोडून त्याला अंगणाबाहेर हाकलून येतो. नराचा गळा एरवी काळपट दिसतो. उन्हाची तिरीप योग्य कोनातून पडली की निखारा फुलावा तसा पेटतो. तो रंग पिसात कालवलेला नसतो, पिसाच्या घडणीवर उजेड खेळतो म्हणून दिसतो. आईने त्याला धूपछाव म्हटलं आणि विषय संपवला.

"पितो कसा रे? नळीने ओढल्यासारखा?" तिने एकदा विचारलं. शंभरावर वर्षं लोकांना साधारण तसंच वाटत होतं, की बारीक नळीत पाणी आपोआप चढतं तसा मध जिभेत चढत असेल. २०११ साली कनेक्टिकट विद्यापीठातल्या दोघा संशोधकांनी दाखवलं, की जिभेचं टोक दुभंगलेलं असतं, त्याला झालरी असतात, त्या मधात उघडतात आणि बाहेर येताना मिटून मध आत अडकवतात. आई म्हणाली, "म्हणजे ओंजळ."

ऑगस्टच्या मध्यावर, पावसाच्या पन्हळीचं पाणी जिथे पडतं त्या ओलसर कोपऱ्यात, मी न लावलेलं एक झाड फुललं. पाणीदार, पोपटी दांडा आणि दोऱ्याला टांगावीत तशी केशरी, ठिपकेदार फुलं. इथे त्याला ज्वेलवीड म्हणतात, म्हणजे तणच. आईने एक फुगलेली शेंग चिमटीत धरली, ती फटकन फुटली, बी उडालं आणि ती लहान मुलीसारखी ओरडली, "अरे, हा तर तेरडा!"

खरंच तेरडा. वनस्पतिशास्त्रातही दोघांचं गोत्र एकच, इम्पेशन्स. म्हणजे उतावळा, ते त्या शेंगेवरूनच. कासच्या पठारावर भाद्रपदात जो गुलाबी गालिचा पसरतो तोही याच गोतावळ्यातला. आईच्या माहेरी तेरड्याची गौर आणतात. सात समुद्रापार पन्हळीखाली गौर उभी आहे म्हटल्यावर तिला कोण आवरणार? आणि हमिंगबर्डला ज्वेलवीड म्हणजे परतीच्या प्रवासाची शिदोरी. आता भांडण दोन फुलांवर गेलं. लाल गणपतीचं आणि केशरी गौरीचं. माझ्या पाखराला उरलं ते साखरपाणी.

२०२५ ची चतुर्थी २७ ऑगस्टला होती. तिच्या दोन दिवस आधीची सकाळ. आई परडी घेऊन कार्डिनल फ्लॉवरपाशी उभी होती. परडीत सात-आठ फुलं पडली होती आणि मी दारातून "आई, पुरे" म्हणायच्या बेतात होतो. तेवढ्यात तो गुणगुणाट आला. पांढऱ्या गळ्याची होती, म्हणजे मादी किंवा या वर्षीचं पिलू. त्या सुमाराला नर बहुतेक निघून गेलेले असतात. ती आधी बोडक्या दांड्याशी गेली, वरून खाली दोनदा फिरली. मग वळली आणि थेट आईच्या हातातल्या परडीवर येऊन थांबली. तोडलेल्या एका फुलात चोच घातली. मग दुसऱ्या. आईचा हात कंबरेच्या उंचीवर तसाच. तिला खांद्याचं दुखणं आहे, फोडणीची कढईसुद्धा ती एका हाताने धरत नाही. पण परडी हलली नाही.

गेल्यावर ती म्हणाली, "वारा लागला रे तिच्या पंखांचा. मनगटाला."

ती फुलं तिने तरीही देवाला वाहिली. मी विचारलं, उष्टी झाली ना ती? "तिकडे जास्वंदीला शिंजीर तोंड लावतोच की. कधी विचारलंस का?"

शिंजिराचं बाकी खरं. हमिंगबर्डचे फोटो मी घरच्या ग्रुपवर टाकले की नाशिकहून कुणीतरी हमखास उत्तर देतं, आमच्याकडेही येतो हा! तो असतो शिंजीर. हमिंगबर्डच्या साडेतीनशेहून जास्त जाती आहेत आणि सगळ्या दोन्ही अमेरिकांतच. दुसरीकडे सापडतात ती हाडं. जर्मनीत सुमारे तीन कोटी वर्षांपूर्वीचे सांगाडे मिळालेत, त्यांचं वर्णन २००४ साली प्रसिद्ध झालं. शिंजिराचं घराणं वेगळं, धंदा मात्र तोच, बाकदार चोच आणि मधाची चटक. घरटं बांधायला दोघेही कोळ्याचं जाळं चोरतात. फक्त शिंजीर शहाण्यासारखा फांदीवर बसून पितो.

गंमत म्हणजे गिऱ्हाईक तिकडे गेलं नाही, पण दुकानं गेली. आमच्या मोरीच्या पाण्यावर माजलेली कर्दळ मूळची अमेरिकेतली. जानेवारीत फाटकावर नारिंगी पडदा सोडणारी संक्रांतवेल ब्राझीलची, तिथे तिच्यावर हमिंगबर्डच येतात. कधीच न उमलणारी मिरची जास्वंदही इकडचीच. ही फुलं हजारो मैल लांबच्या किनाऱ्यांवर उतरली, ठरलेला पाहुणा नाही म्हणून खट्टू झाली नाहीत, शिंजिराला मध पाजत बसली. नावसुद्धा बदललं त्यांनी. कर्दळ म्हटल्यावर कुणाला परदेश आठवतो? मीही ती इथल्या नर्सरीतून आणली, एका कंदाचे नऊ डॉलर देऊन. ते ऐकून आईने "मोरीवरची कर्दळ!" एवढंच म्हटलं, पण दिवसभर अधूनमधून म्हटलं.

शेवटी वाटणी झाली. कार्डिनल फ्लॉवरचा दांडा खालून वर उमलत जातो. सर्वांत खालची, उमलून चार दिवस झालेली फुलं गणपतीची, वरची पाखराची. गौरीसाठी ज्वेलवीडचं एकच रोप, मुळासकट, तेही फांद्यांच्या आड उगवलेलं. सातव्या दिवशी गौरीबरोबर शाडूचा गणपती बादलीत विसर्जन केला. तो विरघळल्यावर ते पाणी आईने कार्डिनल फ्लॉवरच्या बुडाशी ओतलं. त्याला पाय ओले लागतात, हे एव्हाना तिला पाठ होतं.

सप्टेंबरच्या २३ तारखेनंतर बाटलीवर कुणी आलं नाही. जाण्याआधी चरबी साठवून ही पाखरं वजन जवळजवळ दुप्पट करतात आणि त्यांतली बरीच मेक्सिकोचं आखात एका दमात ओलांडतात. न थांबता आठशे किलोमीटर, मुंबई ते बंगळूर हवेतून जावं तेवढं. आई ऑक्टोबरात गेली, दोन बॅगा, दोन्ही तेवीस किलोंच्या वर. त्यानंतर पहिलं हिव पडलं, कर्दळीची पानं एका रात्रीत काळी पडली. मी कंद उकरले, माती झटकली आणि गॅरेजमध्ये मखराच्याच खोक्यात ठेवून दिले.

परवा फोनवर आई म्हणाली, मोरीजवळच्या कर्दळीवर शिंजीर येतोय, पण बसून पितो, आळशी आहे मेला. मग म्हणाली, "माझं तिकीट काढशील तेव्हा त्याच्या यायच्या तारखा बघून काढ."

फुलं तोडायला येणार की बघायला, ते मी विचारलं नाही. एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यातलं काढलंय.