शिआनचा गाणारा उंट

चीनमधल्या शिआनमध्ये सम्राटाच्या थडग्याजवळचे मातीचे सैनिक पाहिले, शहराच्या तटावर सायकल चालवली, मुस्लिम मोहल्ल्यात लसूण-तिखट घातलेलं गार लियांगपी (एक प्रकारच्या थंड नूडल्स) खाल्लं. सगळं छानच होतं. पण लिहायला बसले आहे ती एका उंटामुळे.

शान्शी इतिहास संग्रहालयातला हा मातीचा उंट जेमतेम ५८ सेंटिमीटर उंच. १९५९ मध्ये शहराच्या पश्चिमेला चुंगपाओ गावातल्या तांगकालीन (सातवं ते दहावं शतक) थडग्यात सापडला. पाठीवर मंच, मंचावर सतरंजी, कडेने बाहेर तोंड करून बसलेले सात वादक आणि मधोमध उभी राहून गाणारी एक बाई. काचेपुढे मुंगी शिरायला जागा नव्हती. एका चिनी आजींनी माझं मनगट धरून मला पुढे ओढलं आणि बोटाने ती गायिका दाखवली. भाषेची गरजच पडली नाही.

मग ओघळ दिसले. तांगकाळातल्या या तीनरंगी मातीकामाला सानत्साय म्हणतात. झिलईत, म्हणजे वरच्या काचेसारख्या लेपात, शिसं असल्यामुळे ती कमी आचेवर वितळते. म्हणून मूर्ती आधी हजार अंशांच्या वर भाजायची, मग झिलई चढवून आठ-नऊशे अंशांवर पुन्हा भट्टीत घालायची. तांब्याने हिरवा रंग येतो, लोखंडाने मधासारखा पिंगट. वितळलेली झिलई पातळ होऊन खाली धावते, रंग एकमेकांत उतरतात. शिसं विषारी, त्यामुळे हे काम ताटवाटीसाठी योग्य नव्हतं. बहुतांश वस्तू मृतांसोबत पुरण्यासाठीच घडवल्या जात.

चेहऱ्यांवर मात्र झिलई नाही. ती वाहिली असती तर नाकडोळे बुजले असते. म्हणून कारागीर चेहरा कोरा ठेवायचा आणि भाजून झाल्यावर भुवया, ओठ, केस कुंचल्याने रंगवायचा. कपड्यांवर रंगाला मोकाट सोडलं आणि माणसाचा चेहरा तेवढा आपल्या हातात ठेवला! मला त्या हजारो सैनिकांपेक्षा हा निर्णय मोठा वाटला. जे थडग्यात बंद होणार, त्याच्या भुवयांसाठी कुणीतरी बारीक कुंचला उचलला होता.

शिआनला जाणार असाल तर या संग्रहालयाची नोंदणी आधीच करा आणि अर्धा दिवस तरी राखून ठेवा. आमच्या टूरवाल्यांनी इथे दिला त्याहून जास्त वेळ जेडच्या दुकानात घालवला. तांगच्याही आधीच्या, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या हान काळातल्या चुली, विहिरी, धान्याची कोठारं यांच्या हिरव्या झिलईच्या छोट्या मातीच्या प्रतिकृती मला धावत पाहाव्या लागल्या, याचा राग अजून गेलेला नाही.